मदत हवी आहे: वारा तोंडावर असूनही हरणांना सुगावा लागतो

मंडळी,

मी इथे परदेशात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो, रीतसर परवाना काढून. (शिकार करावी की नाही, यासाठी कृपया वेगळा धागा काढा.) बंदुकीला शंभर-दीडशे मीटर चालतं. बाणाला पंचवीस-तीस मीटरच्या आत जावं लागतं आणि तिथेच घोडं अडतंय.

उतारावर वरच्या अंगाला झुडपाआड बसतो. संध्याकाळी हरणं खाली ओढ्याकाठी चरायला येतात. दुपारी बसताना वारा तोंडावर असतो, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पावडरची बाटली दाबून खात्री केलेली. ऊन कललं की मात्र हमखास तेच. पुढची मादी मान वर करते, कान माझ्याकडे रोखते, खूर आपटते. मग चरायचं नाटक! मान खाली घालते आणि पुढच्याच क्षणी झटकन वर. त्यानंतर शेपट्या उभ्या आणि कळप पसार.

बिनवासाचा साबण झाला, अंगाचा वास घालवणारा स्प्रे झाला, तोंडाला जाळी झाली. सुरक्षेसाठी नारिंगी जाकीट सक्तीचं आहे, ते नडतंय का? की वासच जातोय?

प्रतिसाद १:
नारिंगीला दोष देऊ नका. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी हरणाच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या असतात, त्यामुळे तांबडा-नारिंगी त्यांना मळकट दिसतो. निळा मात्र चांगलाच दिसतो. जीन्स टाळा, आणि पांढऱ्या कपड्यांना चमक आणणारी धुण्याची पावडरही. संधिप्रकाशात त्या कपड्यांना निळसर उजाळा येतो.

दुखणं तुम्हीच लिहिलंय: 'ऊन कललं की'. दिवसा तापलेल्या उतारावरून हवा वर चढते. सावली पडली की तीच हवा गार, जड होऊन खाली ओढ्याकडे उतरते. दुपारी तोंडावर असलेला वारा संध्याकाळी तुमच्या पाठीवर! स्प्रेचे पैसे वाचवा. श्वासाचा आणि घामाचा वास तो कुठवर थोपवणार? संध्याकाळी खाली बसा, कळप चरतो तिथून ओढ्याच्या वाहत्या दिशेला. गार हवा पाण्यासारखीच दरीतून खाली सरकते.

धागाकर्ता:
पटलं. पण दिवसभर हरणं समोरच्या उतारावरच्या रानात बसलेली असतात. दुपारीच ओढ्यात जाऊन बसलो तर वर चढणारी हवा वास त्यांच्याकडेच नेणार. मग उतरायचं कधी?

प्रतिसाद १:
सावली ओढ्यापर्यंत पोचल्यावर. पावडर उडवत राहा. आधी ती वर जाईल, मग थोडा वेळ जागीच रेंगाळेल. खाली सरकायला लागली की निघा. वेळ फार थोडा मिळतो, म्हणून बसायची जागा आधीच हेरून, वाळकी काटकी-पाचोळा बाजूला करून ठेवा. चालताना तीन-चार पावलं टाकून थांबा. माणसाची एकसुरी चाल त्यांना लगेच कळते. आणि जाकिटाला वेल्क्रो असेल तर उसवून बटणं लावा. तो चर्रर्र आवाज पुरेसा होतो.