शाळा बंद असताना मुलांच्या मनाकडे कोणी बघायचं होतं?

धागालेखक:
११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं. एप्रिलमध्ये युनेस्कोच्या मोजणीनुसार जगभरात सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या. माझा १२ वर्षांचा मुलगा त्यातलाच. ऑनलाइन वर्गात तो म्हणजे पडद्यावर नुसतं नाव. कॅमेऱ्यावर त्याने कागदाचा कपटा चिकटवला होता. शाळेचे निरोप यायचे ते हजेरीचे, चाचणीचे, गृहपाठाचे. 'तो कसा आहे?' असं कोणीही विचारलं नाही. दर आठवड्याला प्रत्येक मुलाशी एका शिक्षकाने दहा मिनिटं, अभ्यास सोडून, बोलायलाच हवं होतं. पुढे अशी वेळ आली तर हा नियम असावा.

शिक्षिका:
साफ असहमत. माझ्या वर्गात ४२ मुलं. आठवड्याचे ७ तास निव्वळ फोनवर. वर पाठ, तपासणी आणि माझ्या घरचं आजारपण. मूल चोवीस तास तुमच्यासमोर होतं ना? ते जेवत नाही, पहाटेपर्यंत जागतं, आवडीची वस्तू हातात धरत नाही, हे मला फोनवर कसं कळणार? ते घरच्यांनीच बघायचं.

भाचीची मावशी:
ताई, घरात आधार असतोच असं धरून चालू नका. माझ्या भाचीला मॅडमचा फोन आला तेव्हा खोली एकच, आणि नोकरी गेलेले बाबा हाताच्या अंतरावर. ती म्हणाली, "सगळं छान." रात्री तिने मॅडमना मेसेज केला: "उद्या गणिताचं विचारायला म्हणून फोन कराल? मी गच्चीवर जाईन." घराबाहेरचं एक मोठं माणूस तिला हवं होतं, आणि शाळेशिवाय तसं कोणी नव्हतं.

एक बाबा:
सगळं आजारपणात ढकलू नका हो. या वयात झोपेचं संप्रेरक उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे रात्री जागणं म्हणजे लगेच नैराश्य नव्हे. आम्ही उठायची वेळ ठरवली, रात्री फोन बाहेरच्या खोलीत ठेवला, रोज संध्याकाळी मी आणि मुलगा चालायला जायचो. चालताना तो आपणहून बोलायचा. समोरासमोर बसवून विचारलं की गप्प.

भाचीची मावशी:
चालायला नेणारा बाप होता, म्हणून जमलं. आणि 'वयच तसं आहे' यावर सोडून देणं मला धोक्याचं वाटतं. मानसिक आजारांपैकी जवळपास एक तृतीयांश १४ वर्षांच्या आतच आणि निम्मे १८ च्या आत सुरू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पंधरा दिवस मूल उदास असेल, मित्रांनाही टाळत असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. जीव नकोसा झाल्याचं बोललं तर त्याच दिवशी.

शिक्षिका:
गच्चीचं वाचून थांबले. माझ्याकडेही अशी मुलं असणार, आणि मी त्यांच्याकडून पाढे म्हणून घेत होते. तरीही माझं म्हणणं सोडत नाही. फोन करायचा तर तेवढे तास पाठातून कमी करा. आणि एखादं मूल रडायला लागलं तर पुढे कोणाकडे पाठवायचं, ते नाव आधी माझ्या हातात द्या. समुपदेशक नसताना ते ओझं एकट्या वर्गशिक्षिकेवर टाकणं मुलासाठीही बरं नाही.

धागालेखक:
हे मान्य, नियमात हेही हवं. पाठ कमी झाले तरी पालक म्हणून माझी तक्रार नसेल. मी स्वतःही त्याला रोज एकच विचारायचो: "वर्ग झाला का?"

एक बाबा:
तो कपटा कधी निघाला?

धागालेखक:
शाळा उघडायच्या आधी. वर्गातल्या एका मित्राने वर्गाबाहेर, सहज व्हिडिओ कॉल केला तेव्हा.