‘ब्रेख्त’ माईकवर म्हणायचं कसं?

बाई_वेंगुर्ले:
शनिवारी आमच्याकडे ‘अजब न्याय वर्तुळाचा’चं वाचन आहे, निवेदन माझ्याकडे. ते मराठीत आणणारे चिं. त्र्यं. खानोलकर आमच्या तालुक्यातले. खानोली गावचे म्हणून खानोलकर, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मूळ नाटक ज्याचं, त्या जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्तपाशी जीभ अडखळते. तालमीत एक जण ‘ब्रेक्ट’ म्हणतो, दुसरा ‘ब्रेश्ट’. मागे एका समारंभात पाहुण्यांनी माझ्या आडनावाचं पार वाटोळं केलं, ते अजून सलतं. माझ्या तोंडून कुणाचं तसं होऊ नये. आणि ‘ब्रेख्त’ हे आडनावही आपल्या ‘कर’सारखं गावावरून आलेलं आहे का?

आबा_मालवण:
बाय, मी बावीस वर्षं बोटीवर होतो. आमच्या जर्मन चीफ इंजिनियरने ‘त’च्या आधीचा हा आवाज माझ्याकडून घोटून घेतलेला. त्यांच्यात आ, ओ, उ नंतर तो घशातून येतो. बाख या संगीतकाराच्या नावात आहे ना, किंवा आपले मुसलमान शेजारी ‘ख़बर’ म्हणतात, तसा. पण ए-इ नंतर तोच आवाज वर टाळूशी सरकतो. ‘य’ म्हणायला जीभ उचल, आणि गळ्यातून काही न काढता नुसती हवा सोड. मांजर फिसकारतं तशी. लगेच ‘त’. ‘ब्रे’ आखूड ठेव, लांबवू नको. घाई केलीस की ‘ख’ होतो, म्हणून आधी सावकाश.

शब्दवेडा_रत्नागिरी:
गावाचं नाव नाही. जुन्या जर्मनमध्ये ‘बेराह्ट’ म्हणजे तेजस्वी, त्यातून ब्रेख्त. आल्ब्रेख्त या नावाचा उत्तरार्धही हाच. इंग्रजीतला ‘ब्राइट’ त्याच घरातला. गंमत म्हणजे ‘बेर्टोल्ट’मधला ‘बेर्ट’सुद्धा तोच शब्द! आउग्सबुर्गमध्ये १८९८ साली जन्मलेल्या या माणसाच्या नावातही तेज आणि आडनावातही तेज. पत्रिकेवर मात्र ‘ब्रेख्त’च छापा. मराठी डोळ्यांना तेच ओळखीचं आहे, आणि लिहिणं-बोलणं तंतोतंत जुळायलाच हवं असं नाही.

बाई_वेंगुर्ले:
आबा, काल दिवेलागणीला समईसमोर बसून म्हणून पाहिलं. ‘ब्रेक्ट’ म्हटलं तर ज्योत नुसती दचकते. तुम्ही सांगितलंत तसं म्हटलं की ‘त’च्या आधी क्षणभर वाकते आणि मग सरळ होते. दहा-बारा वेळा केलं, आता बसलंय. शब्दवेडा, अर्थाचं ते वाक्य निवेदनात घेते आहे, खानोलीच्या वाक्याला लागूनच.