२००९ ची फोटा-एफआयए फूट: वेगळी मालिका खरंच उभी राहिली असती का?

दुसरा_गिअर

जून २००९. खेळाची जागतिक नियामक संस्था एफआयएशी खर्चमर्यादेवरून वाजलं आणि सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला वन शर्यतीआधी फोटाच्या, म्हणजे संघांच्या संघटनेच्या, आठ संघांनी जाहीर केलं की २०१० पासून आम्ही आमची वेगळी अजिंक्यपद मालिका काढतो. फेरारी, मॅक्लारेन, बीएमडब्ल्यू सॉबर, रेनॉ, टोयोटा, ब्रॉन, रेड बुल आणि टोरो रोसो. हे १९ तारखेला, आणि २४ तारखेला पॅरिसमध्ये समझोता होऊन विषय मिटलासुद्धा.

यावर दोन टोकाची मतं कायम वाचायला मिळतात. एक म्हणजे ही निव्वळ गुरगुर होती. दुसरं म्हणजे आठ संघ गेले असते तर एफआयएकडे विल्यम्स, फोर्स इंडिया आणि कागदावरचे नवे संघ एवढंच उरलं असतं.

एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मोस्ली चांगले की फेरारी आणि फोटाचे तेव्हाचे प्रमुख माँतेझेमोलो चांगले हा वाद इथे नको. व्यवहाराचं सांगा. मार्च २०१० मध्ये पहिली शर्यत घ्यायची तर हातात नऊ महिने. सर्किट, टायर, इंजिन, मार्शल, प्रक्षेपण यातलं काय जमलं असतं आणि गाडी कुठे अडली असती? शिवाय हे संघ करारांनी बांधलेले होते की मोकळे?

पिटवॉल

सोप्यापासून सुरू करतो.

इंजिनं: इथे फोटाचं पारडं पूर्ण जड होतं आणि याकडे फार कोणी बघत नाही. २००९ च्या ग्रिडवर पाचच इंजिनं होती: फेरारी, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, रेनॉ, टोयोटा. पाचही फोटाकडची. 'निष्ठावंत' विल्यम्स टोयोटाच्या इंजिनावर धावत होती आणि फोर्स इंडिया मर्सिडीजच्या. म्हणजे फूट पडली असती तर एफआयएच्या मालिकेत सगळ्यांना कॉसवर्थ या स्वतंत्र इंजिन कंपनीच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

इलेक्ट्रॉनिक्स: २००८ पासून सगळ्यांना एकच प्रमाणित ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) सक्तीचा होता आणि तो बनवायची मॅक्लारेनची उपकंपनी. करार एफआयएशी, पण कारखाना फुटीर गोटातला. त्यामुळे तांत्रिक नियम नव्याने लिहायची गरज नव्हती. २००९ चे नियम उचलायचे, मथळा बदलायचा, झालं.

टायर: इथे खरी गोम आहे. ब्रिजस्टोन २०१० अखेरपर्यंत एफआयएची एकमेव पुरवठादार म्हणून बांधलेली. मिशलिन २००६ नंतर बाहेर. नवा पुरवठादार आणायचा म्हणजे नुसते रबराचे गोळे विकत घेणं नव्हे. पुढच्या वर्षीच्या गाडीचं काम उन्हाळ्यातच सुरू झालेलं असतं, आणि त्यासाठी वायुबोगद्यातल्या छोट्या प्रतिकृतीला त्याच प्रमाणातले टायर लागतात. ते टायर कंपनीच बनवून देते, कारण भाराखाली टायरची कड कशी फुगते यावर पुढच्या पंखामागून निघणारी हवा कुठे जाणार हे ठरतं. टायरचं अंतर्गत बांधकाम बदललं की वजनाची पुढे-मागे विभागणी, सस्पेन्शनची भूमिती, इंधनटाकीची जागा, सगळं पुन्हा मांडावं लागतं. त्यात २०१० साठी इंधन भरण्यावर बंदी आलेली, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीला पूर्ण टाकीचं वजन टायरवर. फोटाने जुलैपर्यंत टायर कंपनी नक्की केली नसती तर मार्चमध्ये ज्या गाड्या आल्या असत्या त्या अंदाजपंचे बनवलेल्या असत्या. माझ्या मते सर्वात आधी तुटणारी कडी हीच.

सर्किट: हे लोकांना वाटतं तितकं अवघड नव्हतं. मॉन्ट्रियल २००९ च्या वेळापत्रकातून वगळलेलं. इंडियानापोलिस २००७ नंतर मोकळं, मॅन्यी-कूर २००८ नंतर, इमोला २००६ नंतर. पोर्तिमाओ २००८ च्या अखेरीला नवंकोरं उघडलेलं. हेरेस चाचण्यांना सगळ्यांच्या पायाखालचं. मुजेलो तर फेरारीच्याच मालकीचं. आणि गंमत म्हणजे खुद्द सिल्व्हरस्टोन! २०१० पासूनची ब्रिटिश शर्यत तेव्हा डॉनिंग्टनला दिलेली होती, त्यामुळे सिल्व्हरस्टोनकडे पुढच्या वर्षीचा फॉर्म्युला वनचा करारच नव्हता. घोषणा ज्या आठवड्यात झाली तो योगायोग असेल, पण सोयीचा योगायोग.

मार्शल आणि वैद्यकीय पथक: सर्किटला एफआयएची पहिली श्रेणी असली तरी शर्यतीची परवानगी त्या देशाची मोटरस्पोर्ट संस्था देते, आणि ती एफआयएची सदस्य. परवानगी नाही तर विमा अडतो. विमा नाही तर मालक दरवाजा उघडणार नाही. झेंडे घेऊन उभे राहणारे शेकडो मार्शल हे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि त्यांचे परवाने त्याच संस्थेचे. अमान्य स्पर्धेत काम केलं म्हणून परवाना गेला तर त्यांची पुढच्या रविवारची क्लब शर्यतही जाते. ड्रायव्हर कोट्यधीश असतो, तो धोका पत्करेल. मार्शल का पत्करेल? वैद्यकीय हेलिकॉप्टर आणि रुग्णालयाशी करार पैसे टाकून होतो, माणसं तशी मिळत नाहीत.

कलमबहाद्दर

पिटवॉल, मार्शलचा मुद्दा बिनतोड आहे. पण कायद्याच्या बाजूने तो तुम्ही म्हणता तितका एकतर्फी नाही.

आधी करार. संघ, एफआयए आणि व्यापारी हक्कधारक यांच्यातला कॉन्कॉर्ड करार २००७ च्या अखेरीस संपला होता आणि नवा झालेला नव्हता. एफआयएचं म्हणणं होतं की फेरारी, रेड बुल आणि टोरो रोसो हे २०१२ पर्यंत बांधील आहेत. म्हणून तर २०१० साठीच्या १२ जूनच्या प्रवेशयादीत या तिघांना परस्पर 'बिनशर्त' घालून टाकलं, आणि मॅक्लारेन, बीएमडब्ल्यू, रेनॉ, टोयोटा, ब्रॉन यांना 'सशर्त'. फेरारीचं उत्तर असं की २००५ च्या करारात आम्हाला तांत्रिक नियमांवर नकाराधिकार दिला होता, तो डावलून तुम्हीच करार मोडला. हाच मुद्दा घेऊन फेरारी पॅरिसच्या न्यायालयात गेली आणि २० मे रोजी मनाई हुकूम मिळाला नाही. हुकूम नाकारला म्हणजे नकाराधिकार खोटा ठरला असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता युरोपीय स्पर्धा कायदा. २००१ मध्ये युरोपीय आयोगाबरोबरच्या तडजोडीत एफआयएने नियामक आणि व्यापारी भूमिका वेगळ्या करायचं मान्य केलं, प्रतिस्पर्धी मालिकांना आडकाठी न करण्याचंही. त्यावर १ जुलै २००८ चा मोटोई खटल्याचा निकाल. ग्रीसमध्ये मोटरसायकल शर्यतींना संमती देण्याचा अधिकार एका क्लबकडे होता आणि तोच क्लब स्वतः शर्यती भरवून पैसेही कमवायचा. युरोपीय न्यायालयाने सांगितलं की कोणतीही मर्यादा, बंधन वा तपासणी नसताना असा दुहेरी अधिकार चालणार नाही. फोटाच्या घोषणेच्या वेळी या निकालाला वर्षही झालेलं नव्हतं. एखाद्या देशाच्या संस्थेने केवळ 'एफआयएची नाही' म्हणून परवानगी नाकारली असती तर हा निकाल तिच्या टेबलावर आपटता आला असता.

अर्थात अशा खटल्याला वर्षं लागतात आणि पहिली शर्यत मार्चमध्ये घ्यायची होती.

जुनी_शर्यत

हा प्रयोग प्रत्यक्षात एकदा झालाय, त्यामुळे सगळंच हवेत बोलायला नको.

१९८० च्या अखेरीस फोका या तेव्हाच्या संघटनेतल्या संघांनी वर्ल्ड फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट नावाने वेगळी चूल मांडली. तेव्हा बंडखोरांचे वकील होते मॅक्स मोस्ली आणि म्होरके बर्नी एक्लस्टन. समोर एफआयएच्या तेव्हाच्या क्रीडा शाखेचे, फिसाचे, अध्यक्ष बालेस्त्र. भांडण वरवर सरकत्या स्कर्टवरून. स्कर्ट म्हणजे गाडीच्या दोन्ही कडांना रस्त्याला टेकणाऱ्या, वरखाली होणाऱ्या पट्ट्या. त्यामुळे तळाखालचा कमी दाब कोंडून राहतो आणि वळणात गाडी जमिनीला चिकटते. ब्रिटिश संघांना याचा फायदा, कारण त्यांच्याकडे ताकदवान टर्बो इंजिन नव्हतं. आत पैशाचं आणि नियम कोण करणार याचं भांडण.

७ फेब्रुवारी १९८१ ला क्यालामीला स्कर्ट लावलेल्या गाड्यांची शर्यत झालीसुद्धा. फेरारी, रेनॉ, अल्फा रोमिओ, लिजिए गैरहजर. सुरुवातीला ट्रॅक ओला असताना कार्लोस रॉयटमनने स्लिक, म्हणजे कोरड्या ट्रॅकच्या गुळगुळीत टायरवर निघून, ट्रॅक वाळल्यावर बाजी मारली. नेल्सन पिके दुसरा. अजिंक्यपदासाठी ही शर्यत धरली गेली नाही. त्या वर्षाच्या शेवटी पिके ५०, रॉयटमन ४९. क्यालामीचे ९ आणि ६ गुण धरले असते तर ५८ विरुद्ध ५६, आणि रॉयटमन विश्वविजेता. फुटीची किंमत कोणी मोजली असेल तर त्या माणसाने.

मार्च १९८१ मध्ये पहिला कॉन्कॉर्ड करार झाला आणि फोकाची मालिका एका शर्यतीवर आटोपली. पण त्या एका शर्यतीने काम केलं. गाड्या आल्या, शर्यत झाली, हे दिसल्यावर समोरच्याला टेबलावर यावं लागलं. २००९ मध्ये तेच मोस्ली खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला होते, म्हणजे ही चाल कशी खेळतात हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

दुसरा_गिअर

उत्तम माहिती. मग खर्चमर्यादेचं काय? सगळं तिच्यावरून पेटलं, आणि शेवटी जिंकलं कोण?

स्लिकटायर

मर्यादा आधी मार्चमध्ये ३ कोटी पौंड जाहीर झाली, एप्रिलअखेर ४ कोटी. ड्रायव्हरचे पगार, विपणन, दंड आणि २०१० पुरता इंजिनाचा खर्च त्यातून वगळलेला. मोठ्या संघांचा खर्च याच्या कित्येक पट होता, पण त्यांच्या रागाचं मूळ आकड्यात नव्हतंच. मर्यादा ऐच्छिक होती आणि जो स्वीकारेल त्याला सवलती: हलते पंख, इंजिनाला मिनिटाला १८,००० आवर्तनांची मर्यादा नाही, चाचण्यांवर बंधन नाही. एकाच शर्यतीत दोन नियमपुस्तकं! शिवाय हिशेब तपासायला एफआयएचे लोक थेट कारखानदारांच्या वह्यांत डोकावणार, हे बीएमडब्ल्यू-टोयोटासारख्यांना कधीच पचलं नसतं.

२४ जूनला ठरलं ते असं: मर्यादा रद्द, दोन वर्षांत खर्च नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या पातळीवर आणायचं संघांचं वचन, मोस्ली ऑक्टोबरमध्ये पुन्हा उभे राहणार नाहीत. १ ऑगस्टला नवा कॉन्कॉर्ड, २०१२ पर्यंत. ऑक्टोबरमध्ये वातानेनला हरवून ज्याँ टॉट अध्यक्ष.

जिंकलं कोण ते तुम्हीच ठरवा, हरले ते नवे संघ. कँपोस, मेनॉर आणि यूएस एफ१ यांनी अर्ज केले ते स्वस्त मालिकेच्या भरवशावर. मालिका महागच राहिली. यूएस एफ१ ची गाडी ट्रॅकवर आलीच नाही. कँपोसचं हिस्पानिया झालं आणि २०१० च्या बहरीनला करुण चंढोकने त्या गाडीची पहिली फेरी मारली ती थेट पात्रता फेरीत. मेनॉरची व्हर्जिन वायुबोगद्याशिवाय, फक्त संगणकावर आखलेली; तिची इंधनटाकीच कमी पडली, पूर्ण वेगाने शर्यत पुरी होईना, म्हणून हंगाम सुरू झाल्यावर चॅसी बदलायची परवानगी मागावी लागली. इंधन भरायला बंदी असलेल्या पहिल्याच वर्षी टाकी लहान!

आणि फुटीर मालिकेबद्दल एक कटू गोष्ट. बीएमडब्ल्यूने २९ जुलैला, म्हणजे समझोत्यानंतर पाच आठवड्यांत, बाहेर पडत असल्याचं सांगितलं. टोयोटाने ४ नोव्हेंबरला. रेनॉने वर्षअखेर संघाचा मोठा हिस्सा विकायला काढला. हे निर्णय कंपन्यांच्या संचालक मंडळांचे होते आणि वाहन उद्योगाच्या मंदीतून आलेले. नवी मालिका निघाली असती तरी ते थांबले नसते. आठांचे सहा, त्यातला एक विकलेला. मार्चच्या ग्रिडवर बारा गाड्या.

तिरका_कोपरा

बारा गाड्यांवर आठवलं. अमेरिकेतली फूट पाहिली नाहीत तर चित्र अपुरं राहतं. तिथे गाड्या, ड्रायव्हर, प्रायोजक सगळं कार्ट या संघमालकांच्या मालिकेकडे होतं. इंडियानापोलिस सर्किटचा प्रमुख टोनी जॉर्ज, त्याच्याकडे फक्त तिथली ५०० मैलांची शर्यत. १९९६ ला त्याने ३३ पैकी २५ जागा आपल्या नव्या आयआरएल मालिकेच्या संघांना राखून ठेवल्या. कार्टने त्याच दिवशी, २६ मे ला, मिशिगनमध्ये यूएस ५०० भरवली आणि सुरुवातीलाच गाड्यांचा ढीग झाला. जिमी वॅसर राखीव गाडी घेऊन जिंकला. पण पुढची बारा वर्षं प्रेक्षक पांगत गेले, कार्ट दिवाळखोरीत गेली, २००८ ला विलीनीकरण. चांगल्या गाड्या हरल्या, नावाजलेली शर्यत जिंकली.

फोटाने सर्किटांची यादी कितीही लांब केली असती तरी मोनॅको प्रत्यक्षात हाती येत नाही, तोवर ती यादी इंडियानापोलिसविना कार्टसारखीच.

पिटवॉल

तिरका_कोपरा, थोडं असहमत. कार्टसमोरच्या मालिकेकडे निदान स्वतःची इंजिनं येऊ घातली होती. १९९७ पासून आयआरएलने चॅसी-इंजिनाचे वेगळेच नियम आणले. एफआयएकडे कॉसवर्थ सोडून काही नव्हतं.

प्रक्षेपणाचं राहिलं होतं. चित्रीकरण तेव्हा एफओएमचं, म्हणजे फॉर्म्युला वनचा व्यापार सांभाळणाऱ्या कंपनीचं, मोनॅकोसारखा एखादा अपवाद सोडून. गाडीवरचे कॅमेरे, त्यांचे प्रक्षेपक, ट्रॅकभोवतीची रेडिओ यंत्रणा, वेळमोजणी, सगळं त्यांच्याच ट्रकमधून यायचं. कडेचे कॅमेरे भाड्याने मिळतात आणि कुठलीही मोठी क्रीडा वाहिनी ते लावून देईल. धावत्या गाडीतून चित्र न तुटता आणणं वेगळं. त्याला ट्रॅकभर रिसीव्हर लावून झाडी, पूल, स्टँड यांच्या आडोशाची तपासणी सर्किटनुसार करावी लागते. ग्राहक मात्र होता. ब्रिटनमध्ये आयटीव्हीने २००८ नंतर फॉर्म्युला वन सोडलेली आणि बीबीसीने नुकतीच घेतलेली, म्हणजे एक मोठी वाहिनी मोटार शर्यतीविना बसलेली. पहिल्या वर्षी गाडीतलं चित्र अधूनमधून गेलं असतं आणि प्रेक्षकांनी शिव्या घातल्या असत्या, पण शर्यत दिसली असती. टायरचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.