सर कडक होते, पण ते अर्धंच झालं
आमचे सर आता नाहीत; त्यांच्या आठवणींत वर कुणीतरी लिहिलंय की ते फार कडक होते, मार्क देताना हात आखडायचे. खरंय, पण अर्धंच. मी त्यांच्याकडे स्ट्रक्चर्स (इमारती-पूल भार कसा पेलतात तो इंजिनिअरिंगचा विषय) शिकलो, पहिल्याच तासाला त्यांनी प्लॅस्टिकची फूटपट्टी आडवी धरून वाकवली, मग तीच उभी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आता वाकव बघू. बीमची, म्हणजे तुळईची, खोली (उभी जाडी) दुप्पट केली की ताठपणा 8 पट होतो, हे तेव्हा डोक्यात बसलं ते कधी पाठ करावंच लागलं नाही. स्लाइड रूलवर (कॅल्क्युलेटरच्या आधीची, हिशोबाची सरकती पट्टी) वाढलेला माणूस, त्यामुळे आम्ही कॅल्क्युलेटरवरचे आठही आकडे उतरवले की लाल पेनने तीनच ठेवायचे, आणि दशांश चिन्ह कुठे येईल ते आधी तोंडी विचारायचे (स्लाइड रूल ते सांगतच नाही ना!).

आणि घरी? शंका घेऊन गेलो तर मांडीवर नात, एका हातात तिची मोडकी बाहुली, दुसऱ्यात माझी वही. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आजारी पडल्यावर त्यांनी बाहेरची कन्सल्टिंगची कामं दोन वर्षं बंदच ठेवली, आणि त्याचं कारण कुणालाच सांगितलं नाही. आम्हाला कळलं ते काकूंकडूनच, सर गेल्यावर.