नोव्ही टार्गला राहायला जावं का? डोंगरात हवा चांगलीच असेल ना?

क्राकोतली_कोल्हापूरकरीण
नमस्कार मंडळी, पोलंडच्या दक्षिणेत राहणाऱ्यांनी जरा सांगा. आम्ही चार वर्षं क्राकोत आहोत, नवऱ्याचं काम आता घरूनच असतं आणि इथली भाडी काही झेपेनात, म्हणून डोक्यात आलं की सरळ नोव्ही टार्गला जाऊ, क्राकोपासून 80-90 किमी तर आहे, आठवड्यातनं एकदा बसने यायचं. जूनमध्ये जाऊन आलो, समोर ताट्रा पर्वत, दुनायेत्स नदी, गुरुवारचा बाजार, हवा अशी की पोरगं दिवसभर खोकलं नाही (त्याला बालदमा आहे, वय 6). डोंगरातलं गाव म्हणजे हवा शुद्धच ना? पण ऑफिसातली पोलिश मैत्रीण हे ऐकून नुसतीच हसली, म्हणाली हिवाळ्यात जाऊन बघ. आता 1 सप्टेंबरला शाळा सुरू होते, त्याच्या आत ठरवायचंय.

बर्फातला_बाळ्या
ताई, मी तिथे दोन हिवाळे काढलेत. मैत्रीण बरोबर हसली. मे ते सप्टेंबर गाव स्वर्ग आहे, त्यात वाद नाही. ऑक्टोबरात घरं तापवायचा सीझन सुरू झाला की तेच गाव ओळखू येत नाही.

कारण सांगतो. नोव्ही टार्ग डोंगरात नाही, डोंगरांच्या मधल्या बशीत आहे, दक्षिणेला ताट्रा, उत्तरेला गोर्त्से. स्वच्छ आकाश, वारा बंद, अशी रात्र असली की उतारांवरची थंड जड हवा ओघळून खाली बशीत साठते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. ताट्रातल्या कास्प्रोवी शिखरावर (1987 मीटर) लोक उन्हात कोट काढून बसलेले आणि खाली गावात उणे 15, असं मी स्वतः पाहिलंय. आता या झाकणाखाली घराघरातनं धूर सोडा, जाणार कुठे? पुण्यातलं थंडीतलं धुरकं आठवा, तसं काहीसं.

आणि धूर कसला, तर जुन्या कोळशाच्या बॉयलरचा. इथे त्याला कोप्चुख म्हणतात. आपल्या न्हाणीघरातला बंब आठवा, त्याच्यावर अख्खं घर तापवायचं आणि बंबात जसं आजी ढलप्यांबरोबर फुटकी चप्पलही सारायची तसं इथेही काही लोक काहीही सारतात. धुरांडी बुटकी, त्यामुळे धूर वर न जाता गल्लीतच लोळतो. संध्याकाळी 6 नंतर सगळे कामावरून येऊन पेटवतात तेव्हा सगळ्यात वाईट. दोरीवर वाळत घातलेला टॉवेल रात्रभर राहिला की दुसऱ्या दिवशी परत धुवा.

धुळीच्या कणांपेक्षा बेंझोपायरीन जास्त बेकार. कर्करोगाशी संबंध असलेला पदार्थ, अर्धवट जळालेल्या कोळशा-लाकडातनं येतो. युरोपचं वर्षाच्या सरासरीचं लक्ष्य घनमीटर हवेत 1 नॅनोग्रॅम आहे आणि नोव्ही टार्ग अनेक वर्षं त्याच्या कित्येक पट वर, देशातल्या सर्वात वाईट ठिकाणांत.

वावेलचा_वाघ
बाळ्या, जरा घाबरवतोयस रे. क्राकोत तरी काय मोठं? 1 सप्टेंबर 2019 पासून शहरात कोळसा-लाकूड जाळायला बंदी आहे हे खरं, आणि फरक पडलाय हेही खरं, पण आजूबाजूच्या गावांचं जे कडं आहे (लोक त्याला गंमतीने ओब्वाझानेक म्हणतात, भोक असलेला तो गोल पाव) तिथली बंदी एवढी कडक नाही, मग धूर येतोच आत. शिवाय अख्ख्या मावोपोल्स्का प्रांतात 1 मे 2024 पासून सगळ्यात जुने बॉयलर बेकायदेशीर झालेत, नोव्ही टार्ग त्यातच येतं.

बर्फातला_बाळ्या
@वावेलचा_वाघ कायदा मलाही माहितीय. ती तारीख मुळात 1 जानेवारी 2023 होती, लोकांनी ओरड केली म्हणून पुढे ढकलली. 2022 मध्ये रशियन कोळसा बंद झाला, भाव भडकले, तेव्हा याच नोव्ही टार्गमध्ये सत्ताधारी पक्षाचे नेते काचिन्स्की भाषणात सांगून गेले की टायर सोडून सगळं जाळा. मग शेजारच्या म्हाताऱ्याला मी कोणत्या तोंडाने काय सांगू? बॉयलर बदलायला सबसिडी आहे, चिस्ते पोव्येत्झे (म्हणजे स्वच्छ हवा) नावाची योजना 2018 पासून चालू आहे, बदलतायत लोक, पण हळूहळू. सुधारतंय हे मान्य, बालदम्याच्या पोराला चालेल इतकं नाही अजून.

दम्याची_आई
माझ्या मुलीलाही दमा आहे, आम्ही राबकापासून जवळ राहतो. गंमत बघा, राबका हे मुलांच्या छातीच्या आजारांसाठी प्रसिद्ध असलेलं आरोग्यगाव, आणि हिवाळ्यात तिथेही धूर असतो 🙂 तेव्हा डोंगर म्हणजे औषध हे डोक्यातनं काढा.

मी काय करते ते सांगते. मोबाईलवर जवळच्या सेन्सरचा आकडा बघून घर उघडायचं, साधारण दुपारी 12 ते 2, तेव्हा झाकण थोडं सैल होतं. बर्फ पडून गेल्यावर किंवा हाल्नी सुटला की हवा काचेसारखी. हाल्नी म्हणजे ताट्रावरून खाली येणारा गरम वारा, एका रात्रीत थंडी पळवतो, पण त्या दिवशी मला डोकेदुखी नक्की. मुलीच्या खोलीत हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण गाळणारा), आणि इनहेलरचा प्लॅन डॉक्टरांकडून ऑक्टोबरच्या आधीच लिहून घेते.

पीएम10 (हवेतले बारीक धूलिकण) ची रोजची मर्यादा घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम, 100 ला सूचना, 150 ला धोक्याचा इशारा. मी 50 च्या वर गेलं की तिला बाहेर खेळायला सोडत नाही.

क्राकोतली_कोल्हापूरकरीण
बापरे. मग शाळेच्या मैदानावर तासभर खेळलं तर? आणि घर तर आम्हाला आवडलंय, घरमालक काका म्हणतात "आमचा बॉयलर एकदम मॉडर्न आहे."

बर्फातला_बाळ्या
मॉडर्न म्हणजे काय ते विचारा. जुलै 2021 पासून प्रत्येक घरमालकाला घर कशावर तापतं ते सरकारी नोंदणीत भरावं लागतं, तो कागद मागा. काकांचं घर स्वच्छ असलं तरी शेजाऱ्याचं धुरांडं बघा, कारण तुमच्या पोराला त्याचाच धूर मिळणार. वाऱ्याच्या खालच्या बाजूला, सखल नदीकाठी घर असेल तर नकोच.

आणि जूनमधल्या हवेवर काही ठरवू नका. सरकारी मापन केंद्र गावातच आहे, जुने आकडे नेटवर मिळतात. मागच्या जानेवारीचे तास-तासाचे आकडे उघडा आणि रात्री 8 चा रकाना वाचा.

क्राकोतली_कोल्हापूरकरीण
उघडले. नवऱ्याला दाखवले, तो गप्प बसला. ताट्राच्या पायथ्याच्या झाकोपाने गावाच्या बाजूला जमिनीतल्या गरम पाण्यावर घरं तापतात असं ऐकलंय, तिकडची भाडी बघतोय आता.

वावेलचा_वाघ
भाडी बघून परत क्राकोतच याल 😄