वीजबिल कमी करायचंय, नेमका हात कुठे घालू?

पाऊलखूण:
चार माणसांचं घर, महिन्याला ३१० च्या आसपास युनिट. दिवे सगळे एलईडी केले, मोबाईलचे चार्जर काम झालं की काढून ठेवतो, रिकाम्या खोलीतला पंखा बंद. तरी दोन महिन्यांत जेमतेम सहा-सात युनिटांचा फरक. घरात दहा वर्षं जुना फ्रिज, १५ लिटरचा गीझर, चार पंखे, वॉशिंग मशीन, टीव्ही-सेट टॉप बॉक्स. एसी नाही. पाण्याचं बिलही चढलंय. नवीन वस्तू घेणं सध्या शक्य नाही. सुरुवात कुठून करावी?

मीटरवाचक:
चार्जरच्या मागे लागू नका. रिकामा चार्जर पाव वॉटही खात नाही, चार चार्जर महिनाभर लटकले तरी एक युनिट भरत नाही. आधी मोजा, मग कापा.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. ३२०० चं मीटर असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, त्या घडीला घर किती वॉट ओढतंय ते कळतं. छापलेला आकडा वेगळा असेल तर ३६,००,००० ला आधी त्या आकड्याने भागा, मग सेकंदांनी. एकाच लुकलुकीवर विसंबू नका, दहा मोजून सरासरी काढा. मोजताना पहिल्या लुकलुकीला ‘एक’ नाही, ‘शून्य’ म्हणायचं. तिथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो.

रात्री सगळे झोपले, पंखे-दिवे मिनिटभर बंद केले की हा आकडा घ्या. फ्रिज चालू असताना एकदा, फ्रिजचा प्लग काढून एकदा.

तांब्याची_तार:
मोजा, पण तुमच्या यादीत खरा खादाड गीझर आहे. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला ०.६१ युनिट लागतं. यात कंपनी, मॉडेल, स्टार काही आड येत नाही, पाणी तापवायला तेवढी ऊर्जा लागतेच. वाचवता येतं ते दोन ठिकाणी.

एक, किती पाणी तापवता. ४० अंशांची २० लिटरची बादली म्हणजे ०.३५ युनिट. मिनिटाला १० लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटं म्हणजे ८० लिटर, १.४ युनिट. एका माणसाच्या शॉवरात चौघांच्या बादल्या भरतात. शॉवर सोडवत नसेल तर निदान त्याची धार मोजा: बादली खाली ठेवून एक मिनिट सोडा. मिनिटाला ६ लिटरवाली चाळणी स्वस्तात मिळते, आट्यांवर बसते.

दुसरं म्हणजे टाकीची गळती, पाण्याची नव्हे, उष्णतेची. दिवसभर बटण चालू ठेवलं की पाणी निवत राहतं आणि गीझर पुन्हा पुन्हा चालू होतो. अंघोळी लागोपाठ उरका, वीस मिनिटं आधी चालू करा, शेवटचा आत गेला की बंद. काटा मात्र ४५ वर आणून दिवसभर चालू ठेवायची काटकसर करू नका, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात. ६० ठीक आहे.

आणि एक गैरसमज: कॉइलवर क्षार साचले की बिल वाढतं असं दुरुस्तीवाले सांगतात. कॉइल पाण्यातच बुडालेली असते, तिची उष्णता पाण्यातच जाते. बिल फारसं वाढत नाही, कॉइल मात्र आत तापून लवकर जळते. साफ करून घ्या, पण त्या कारणासाठी.

पाऊलखूण:
मोजलं. मीटर ३२०० चंच आहे. फ्रिज धरून १३ सेकंद, प्लग काढल्यावर ३३ सेकंद. म्हणजे ८६ आणि ३४ वॉट. सगळं बंद असताना ३४ कुठून आले?

मीटरवाचक:
३४ वॉट अखंड म्हणजे महिन्याला २४-२५ युनिट. सेट टॉप बॉक्स रिमोटने ‘बंद’ केला तरी बरेचसे दहा-बारा वॉट ओढतच राहतात, त्याला भिंतीवरचं बटणच हवं. राउटर सात-आठ. उरलेले बहुधा इन्व्हर्टरचे, यादीत लिहिला नाहीत पण असणार. लेड-ॲसिड बॅटरी म्हातारी झाली की भरली तरी चार्जिंग ओढत राहते. बॅटरीतलं पाणी वरचेवर कमी होत असेल तर तेच लक्षण.

खात्री करायची तर बोर्डातले एमसीबी (प्रत्येक भागाची वीज तोडणारे छोटे स्विच) एकेक करून पाडा आणि दर वेळी सेकंद मोजा. सगळे एमसीबी आणि मेन स्विच बंद असूनही दिवा लुकलुकला, तर मीटर आणि मेनच्या मधे कुणीतरी किंवा काहीतरी वीज घेतंय. तिथे स्वतः हात घालू नका, वायरमनला बोलवा.

पाऊलखूण:
इन्व्हर्टर आहे, लिहायचा राहिला. बॅटरी सहा वर्षांची.

तांब्याची_तार:
मग उत्तर मिळालं.

रबरी_वॉशर:
फ्रिजचं सांगतो. दाराच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे कडेच्या रबरात, कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. अडखळत यायला हवी. चारही बाजूंनी दहा-बारा ठिकाणी करा, बिजागरीकडची बाजू विसरू नका, रबर तिथेच आधी दबतं. पट्टी सहज सुटली तर लगेच नवं गॅस्केट घेऊ नका. खाचेतली घाण साबणाच्या कोमट पाण्याने काढा, दबलेल्या जागी हेअर ड्रायर दुरून फिरवून रबर मऊ करा आणि रात्रभर दार बंद ठेवा. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं. रबर चिरलं असेल तर मात्र बदलाच.

हाताने बर्फ काढायचा फ्रिज असेल तर थर अर्धा सेंटीमीटर झाला की काढा, आणि सुरी लावू नका. नळी फुटली, गॅस गेला, की वाचवलेले सगळे पैसे तिथेच. मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा. सकाळी ४ अंश दिसले तर ठीक, १-२ दिसले तर नॉब एक घर मागे.

पाण्याचं: फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग घाला आणि अर्धा तास कुणी वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गेलंय. ही गळती ऐकू येत नाही म्हणून महिनोन्महिने चालते. ठिबकणाऱ्या नळाखाली मापाचा कप दहा मिनिटं ठेवा आणि १४४ ने गुणा. १०० मिली जमलं तर दिवसाला साडेचौदा लिटर. वॉशर बदलूनही आठवड्यात पुन्हा ठिबकला तर वॉशर टेकतं ती आतली बैठक झिजलेली असते, ती घासून घ्यावी लागते. नवी वॉशरं घालत बसण्यात अर्थ नाही.

पंखेवाली_मावशी:
पंखे कुणीच धरले नाहीत. साधा पंखा पूर्ण वेगात ७५ वॉट. चार पंखे रोज सरासरी १२ तास म्हणजे महिन्याला १०८ युनिट, तुमच्या बिलाचा तिसरा हिस्सा! जुना डब्याएवढा रेग्युलेटर असेल तर वेग कमी करूनही फार वाचत नाही, उरलेली वीज तो स्वतः तापून घालवतो, हात लावून बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा, तो पंख्याच्या मानाने किरकोळ खर्च. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा तीस वॉटच्या आसपास खातो, पण चारही एकदम बदलू नका. सगळ्यात जास्त तास चालतो तो एकच, बहुधा झोपायच्या खोलीतला. तो १५ तास चालत असेल तर महिन्याला २० युनिट वाचतात. टप्प्यांचा दर असेल तर हे युनिट सगळ्यात महागड्या टप्प्यातून कमी होतात, तेव्हा हिशोब सरासरी दराने नाही, वरच्या दराने करा.

पाऊलखूण:
रेग्युलेटर जुनेच आहेत, चारही. गरम लागतायत. फ्लशमध्ये रंग घातलाय, वीस मिनिटं झाली, भांड्यात निळं दिसायला लागलंय.

रबरी_वॉशर:
नवं रबर आणायला जाताना जुनं काढून बरोबर न्या. व्यास नुसता सांगून मिळतं ते हमखास बसत नाही.