मादागास्करची मादी सोंग घेत नाही

पॅपिलिओ डार्डेनस या आफ्रिकेतल्या फुलपाखराच्या माद्या विषारी फुलपाखरांची सोंगं घेतात, म्हणजे त्यांच्यासारख्या दिसतात, असं सांगितलं जातं. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी ते खरं. एक रूप तर आपल्याकडेही दिसणाऱ्या प्लेन टायगर या विषारी फुलपाखराचं आहे. पण मादागास्करमधली मादी नरासारखीच पिवळसर, शेपटीवाली. इथिओपियात सोंग घेणाऱ्या आणि नरासारख्या, दोन्ही तऱ्हेच्या माद्या सापडतात.

यामागचा एक किस्सा असा. नर-मादी इतके वेगळे की त्यांना निरनिराळ्या जातींची नावं दिली गेली होती. केपटाउनचा कीटकतज्ज्ञ रोलंड ट्रायमेन याने १८६९ मध्ये ही एकच जात असल्याचं मांडलं, तेव्हा इंग्लंडमधले नावाजलेले फुलपाखरू-संग्राहक विल्यम ह्युइटसन यांनी ते उडवून लावलं. आणि मग त्यांच्याच माणसाने पश्चिम आफ्रिकेजवळच्या फर्नांडो पो बेटावरून (आजचं बिओको) मीलन चालू असताना पकडलेली जोडी धाडली! नर पिवळा शेपटीवाला, मादी काळी-पांढरी, बिनशेपटीची. १८७४ मध्ये ह्युइटसननी स्वतःच ते छापलं, हा त्यांचा मोठेपणाच.

आपल्याकडच्या कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या माद्याही अशीच सोंगं घेतात, पण ते ठरवणारं जनुक वेगळं: तिथे डबलसेक्स नावाचं, डार्डेनसमध्ये एन्ग्रेल्ड-इन्व्हेक्टेड या जनुकांचा भाग.